रामबागेतला आड आणि घाट चढून आलेली नदी

मे महिन्याच्या मध्यावर फोन आला की आमचा आड भरलाय.

मी भूजलाचं काम करते. बोअर कुठे घ्यायचं, घेतलेलं का आटलं, सोसायटीने खणलेल्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात पाणी का मुरत नाही, असल्या गोष्टींसाठी लोक मला बोलावतात. मे महिन्यात तर सगळे फोन आटल्याचेच. भरल्याचा हा पहिलाच, आणि ती तक्रारही नव्हती. फोनवरचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा, सुट्टीत आजी-आजोबांकडे आलेला. त्याने आधीच एक रील टाकून दिलं होतं आणि ते बरंच फिरलंही होतं. इंदूरची नदी जिवंत झाली, काठचे आड पुन्हा भरायला लागले, असा एकूण सूर. पण आजीने अट घातली होती की जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय ते पाणी पिण्यात घ्यायचं नाही. मी त्या आजींना भेटायच्या आधीच मनातून नमस्कार केला.

घर रामबागेत. इंदूरच्या मराठी माणसाला रामबाग सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी खान आणि सरस्वती एकमेकींना मिळतात आणि पुढे उत्तरेकडे निघालेला प्रवाह रामबागेच्या कडेने जातो. सरकारी कागदांवर हल्ली खानला कान्ह लिहितात. तिला नदी म्हणायची सवय जुन्या लोकांनाच; माझ्या पिढीने नाल्यापलीकडे तिला मान दिला नाही.

मुलाला मी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. तुमच्याकडे नर्मदा कधी येते, आणि आडातली पातळी रोज सारखीच असते का? इंदुरात 'नर्मदा आली' म्हणजे नळाला पाणी आलं. बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड, ठरलेल्या वेळेला, थोडा वेळ. त्यांच्याकडे पहाटे साडेपाचला. पातळीचं मात्र त्याने कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, नळाच्या दिवशी पाचला येते, तोवर आडात पोहरा टाकू नका.

पोचले तेव्हा अंगणात दिवा लागलेला होता आणि आडाभोवती शेजारची चार-पाच माणसं उभी. दगडी जोत्याचं घर, पुढे ओटा, मागे लांबट अंगण आणि त्याच्या टोकाला आड. कठड्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, उदबत्त्यांच्या काड्या, कुणीतरी ठेवलेलं नारळ. कप्पी गंजून जाम झालेली, तिला नवा नायलॉनचा दोर. एक बाई तांब्या घेऊन आली होती. काकूंनी, म्हणजे मुलाच्या आजींनी, तिला ओट्यावरूनच थांबवलं, "आत्ता नको, ह्या बाई बघतायत ना."

नाना, म्हणजे मुलाचे आजोबा, ऐंशीच्या घरातले. त्यांनी मला आधी आडाचा पूर्ण इतिहास ऐकवला आणि मगच जवळ जाऊ दिलं. आड त्यांच्या आजोबांनी खणला. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा कातळ. कातळात सुरुंग लावून दोन पुरुष, म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीइतकं, खाली गेल्यावर पाझर लागला. पाणी नदीच्या पातळीबरोबर चढायचं-उतरायचं. पुढे आजूबाजूला बोअर झाले, आधी पाण्याला वास यायला लागला, मग ते गेलंच. आड बुजवायचा विषय घरात अनेकदा निघाला. नानांनी हो म्हटलं नाही.

मालव्यात जमिनीची घडण सगळीकडे साधारण अशीच आहे. खाली लाव्ह्याचा कातळ, एकावर एक थर. कातळ अखंड असेल तर त्यात थेंब राहत नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या, भुसभुशीत भागात आणि भेगांत. ही साठवण उथळ असते. पावसाळ्यात लगेच भरते, फेब्रुवारी-मार्चपर्यंत रिकामी होते. म्हणून मे महिन्यात नदीकाठच्या आडात दीड पुरुष पाणी चढतं म्हणजे कुठूनतरी ते रोज येतंय. आकाशातून तर येत नाहीये.

फितीला वजन बांधून मी पातळी मोजली आणि कठड्यावर खडूने खूण केली. बॅटरीच्या उजेडात पाणी नितळ दिसत होतं. वास नाही, फेस नाही, तवंग नाही. सांडपाणी असं नसतं. मुलाचा चेहरा खुलला. मी काही बोलले नाही.

साडेपाच वाजायला वेळ होता. नाना ओट्यावर बसले आणि त्यांनी नदी सांगायला सुरुवात केली. ऐकायला मला आवडतं, आणि कामालाही येतं, कारण जमिनीच्या पोटात काय पुरलंय ते नकाशापेक्षा म्हाताऱ्यांना जास्त माहीत असतं. त्यांच्या लहानपणी अंगणाच्या मागच्या भिंतीपलीकडे गल्ली नव्हती, उतार होता. उतारावरून दगडी पायऱ्या थेट पाण्यात जायच्या. पावसाळ्यात गढूळ लोंढा, दिवाळीपर्यंत निवळ धार, संक्रांतीनंतर धार तुटायची आणि डोह उरायचे. मे महिन्यात डोहसुद्धा हिरवट, पोरांना तिकडे जायची मनाई.

"मे महिन्यात वाहायची का कधी?" मी विचारलं.

"छे! मे महिन्यात वाहायला ती काय नर्मदा आहे?"

हे वाक्य मी वहीत टिपून घेतलं.

खानची गोष्टच अशी आहे. ती उगम पावते शहराच्या दक्षिणेला, जेमतेम ११ किलोमीटरवर, उमरिया गावाजवळ. पाणलोट केवढा तर एका सकाळी मोटारसायकलवरून फिरून येता येईल एवढा. अशा ओढ्याच्या काठी राजधानी वसते तेव्हा त्याच्याकडून लोकांची अपेक्षा मोठी होते. मंदसौरच्या तहानंतर १८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्याआधी ती नर्मदाकाठी महेश्वरला होती. महेश्वरच्या घाटांची सवय झालेल्या घराण्याने इथेही घाट बांधले, छत्र्या बांधल्या, नदीकडे तोंड करून देवळं बांधली. नदी मात्र वर्षातले सहा-सात महिनेच नदी होती.

शंभर वर्षांनी, १९१८ साली, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबाराला शहरावर दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. त्याने दिवाळीत मिरवणूक काढवली, तिच्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, आणि मिरवणूक त्याच रस्त्यांवरून जाईल जे लोकांनी सर्वांत जास्त झाडून-साफ करून ठेवलेत, असं जाहीर केलं. आज इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं तेव्हा मला हा माणूस आठवतो. त्याच्या अहवालात नद्यांचे काठ, घाट, तळी आणि बागा यांना मोठी जागा आहे. शहराने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, हे वेगळं सांगायला नको.

नळ फुसफुसला. आधी हवा, मग पाणी. काकूंनी हंडा लावला, शेजारची माणसं आपापल्या मोटारी चालू करायला पळाली, आणि मी आडाच्या कठड्यावर फीत धरून बसले. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. मुलगा म्हणाला, "बघा, काही संबंध नाही." मग फितीचं वजन बुडायला लागलं. पाणी हळूहळू, पण दिसेल असं चढत होतं. नळ बंद झाला तेव्हा ते खडूच्या हिशेबाने वीतभर वर आलं होतं, आणि नंतर अर्धा तास चढतच राहिलं. मग थांबलं.

नदीला पहाटे साडेपाचची वेळ कोण सांगणार?

तरी मी लगेच निकाल दिला नाही. पातळीचा पुरावा पुष्कळ बोलका असतो, पण पाण्याची चव-ढवही बघावी लागते. चार बाटल्या भरल्या: नळाची, आडाची, शेजारच्या बोअरची आणि नदीची. नदीच्या बाटलीसाठी माझा मदतनीस पुलाखालून उतरला आणि परत येऊन बराच वेळ हात धूत राहिला. पेटीतून किट काढून मी ओट्यावरच मांडलं. क्षारांचा मीटर पाण्यात बुडवला की विद्युतवाहकता दाखवतो. पाणी जितकं खडकात मुरलेलं तितका आकडा मोठा. बोअरचं पाणी नळाच्या दुपटीहून जास्त. नदीचंही चढं. आडाचा आकडा नळाच्या जवळपास, किंचित वर. मग कठीणपणा. लालसर केलेल्या नमुन्यात थेंब-थेंब द्राव टाकायचा आणि तो निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. बोअरला भरपूर थेंब लागले, नळाला थोडे, आडाला नळापेक्षा जरासेच जास्त. क्लोरीनच्या थेंबांनी नळाचं पाणी पिवळं झालं. आडाचं झालं नाही, पण त्याने काही सिद्ध होत नाही, कारण क्लोरीन माती-विटांतून जाताना वाटेतच खर्ची पडतो.

काकू हे सगळं पदराला हात पुसत बघत होत्या. म्हणाल्या, "एक सांगू का? ह्या आडाच्या पाण्यात आमच्या सासूबाईंच्या काळात तुरीची डाळ कधी शिजली नाही. सोडा टाकायचो. परवा मी एक वाटी डाळ लावून बघितली या पाण्यात, नुसतं बघायला हं, खाल्ली नाही. लोण्यासारखी शिजली."

"मग हे तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि घरात मला कोण विचारतं? नदी आली, नदी आली, सगळ्यांचा गजर."

माझ्या किटची किंमत मी इथे सांगत नाही.

कठीण पाण्यात डाळ शिजत नाही याचं कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम; डाळीच्या पेशी जोडून ठेवणारा पदार्थ त्यांच्यामुळे घट्ट होतो. बेसॉल्टच्या भेगांत महिनोन्‌महिने राहिलेलं पाणी हे क्षार घेऊन येतं. जे पाणी आडात आलं होतं ते खडकात राहिलेलं नव्हतं. ते नुकतंच घरातून, म्हणजे नळातून, निघालेलं होतं.

आता फुटलंय कुठे ते शोधायचं. त्यासाठी पाण्याचा दाब असावा लागतो, म्हणून वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला गाठून दहा मिनिटं जास्त मागून घेतली. लांब पोलादी सळईचं एक टोक रस्त्यावर किंवा नळाच्या तोंडावर टेकवायचं आणि दुसरं कानाला. गळती असेल तिथे बारीक सूऽऽ असा आवाज येतो. गल्लीत रिक्षा, दूधवाले, हॉर्न. मदतनीस प्रत्येक गाडीवाल्याला "भिया, दो मिनट" म्हणत अडवत होता आणि गाडीवाले इंदुरी असल्यामुळे थांबून काय चाललंय ते विचारत होते, म्हणजे आवाज वाढतच होता. शेवटी मागच्या भिंतीला लागून, गल्लीच्या मधोमध, एका जुन्या लोखंडी जोडणीपाशी सूर सापडला.

ती जागा बघितल्यावर मला नानांच्या पायऱ्या आठवल्या. मी त्यांना गल्लीत बोलावलं आणि विचारलं, "पायऱ्या नेमक्या कुठे होत्या?" ते काठी टेकत आले, भिंतीचा कोपरा बघितला, पावलं मोजली आणि थांबले. सळईपासून हातभर अंतरावर.

घाट उकरून नेलेला नव्हता. नदीकाठची भिंत झाली तेव्हा मागच्या उतारावर राडारोडा, विटांचे तुकडे, मुरूम टाकून सगळं सपाट केलं, त्यावर गल्ली आली, गल्लीखाली नळ. काळ्या मातीतून पाणी चटकन जात नाही, पण भरावातून खुशाल जातं. पाइप फुटल्यावर पाण्याला दोन वाटा होत्या. खाली नदीकडे भिंत आडवी. बाजूला जुन्या पायऱ्यांच्या सांदी, आणि त्यांच्या वरच्या टोकाला अंगणातला आड. माणसं घाटावरून ज्या वाटेने पाणी घरी आणायची त्याच वाटेने ते आता आपणहून येत होतं.

चहा झाला, सोबत पोहे. मी निकाल सांगितला: आडातलं पाणी नदीचं नाही, नळाचं आहे. मुलगा फोनकडे बघत बसला. नाना काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र थेट विचारलं, "म्हणजे ही नर्मदाच?"

काकूंनी नर्मदेची परिक्रमा केली आहे. बसने केली, पण नेमधर्म सगळे पाळून, मैया उजव्या हाताला ठेवून. देवघरात अमरकंटकाची कुपी आहे. अंगणातल्या आडात नर्मदा उतरली म्हटल्यावर त्यांचा चेहरा रीलवाल्या नातवापेक्षा जास्त उजळला. आणि इथे मला जे सांगायचं होतं ते आडापुरतं राहिलं नाही.

इंदूरहून महेश्वरकडे जाणारा जामघाटाचा रस्ता आठवा. वर जाम दरवाजा, अहिल्याबाईंच्या काळातला, आणि त्याच्या पलीकडे जमीन एकदम तुटून खाली निमाड. त्या कड्याच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब उत्तरेला वळतो आणि पलीकडे पडलेला दक्षिणेला. दक्षिणेचा नर्मदेतून भडोचजवळ खंबातच्या आखातात जातो. उत्तरेचा खानमधून उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, चंबळेतून यमुनेत, प्रयागला गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. विंध्याच्या माथ्यावरची ही पाण्याची वाटणी. महूजवळचा जानापाव डोंगर बघा: चंबळ तिथून उत्तरेला निघते आणि त्याच भागातले चोरल, कारम हे प्रवाह दक्षिणेला उतरतात.

इंदूर पूर्णपणे उत्तरेच्या वाट्यातलं शहर. ते पूर्वी जे पाणी प्यायचं तेही त्याच वाट्यातलं: आड-विहिरी, बिलावली तलाव, आणि १९३९ साली गंभीर नदीवर झालेलं यशवंतसागर. गंभीरही क्षिप्रेलाच मिळते. म्हणजे मालव्याचं पाणी मालव्यातच फिरायचं. ते पुरेना, म्हणून १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन झालं. "मी होतो त्यात," नाना पहिल्यांदा बोलले. विद्यार्थी, कामगार, व्यापारी, सगळं शहर उतरलं होतं. १९७८ साली नर्मदा आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर पाइपातून. जलूद समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, इंदूर साडेपाचशेच्या, आणि मधला घाट त्याहून उंच. पंप टप्प्याटप्प्याने पाणी वर ढकलतात. महेश्वर सोडून होळकर घाट चढून आले, त्यानंतर नर्मदेला यायला १६० वर्षं लागली, आणि विजेचं बिल अजून भरतोय.

घाट चढून आलेलं हे पाणी खाली परत जात नाही. नियोजनाचा साधा ठोकताळा आहे की शहराला दिलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते कुठे जाणार? जमिनीचा उतार उत्तरेकडे. आधी ते तसंच खानमध्ये पडायचं. नंतर नाल्यांत उतरणारी तोंडं बंद केली, मलवाहिन्या टाकल्या, २०२१ साली इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस', म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं, शहर ठरलं. कोरड्या झालेल्या नाल्यांत पोरं क्रिकेट खेळली, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले. नाल्याचं पाणी काढून घेतल्यावर नाला कोरडा पडला, याचाच अर्थ त्यात स्वतःचं पाणी नव्हतं. आता सांडपाणी कबीटखेडीसारख्या केंद्रांत शुद्ध होतं, तिथल्या एकाच केंद्राची क्षमता रोज २४५ दशलक्ष लिटरची आहे, आणि उरलेलं पुन्हा खानमध्ये. पावसाळा सोडला तर पुढे सांवेरकडे वाहत जाणारी नदी मुख्यतः नर्मदाच आहे, इंदूरच्या न्हाण्या-मोऱ्यांतून निघालेली.

म्हणून तर मे महिन्यात खान वाहते. नानांच्या लहानपणी वाहत नव्हती.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गंगा वर्षातून एकदा काळ्या गाईच्या रूपाने नर्मदेत न्हायला येते आणि पांढरी होऊन जाते, ही आमची गोष्ट. आणि तुम्ही म्हणता आता नर्मदाच गंगेकडे जाते. आणि जाते ती कशातून!"

मी म्हटलं, सरकारला हे आधीच कळलंय. खान-सरस्वतीच्या सफाईला 'नमामि गंगे'तून पैसा मंजूर झालाय, कारण हिशेबाने आपण गंगेच्या खोऱ्यातले. आणि उज्जैनची गंमत तर पुढेच आहे. २०१४ साली ओंकारेश्वरकडून नर्मदेचं पाणी पंपाने चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी, उज्जैनी गावाजवळ सोडलं. २०१६च्या सिंहस्थात भाविकांनी क्षिप्रेत डुबक्या मारल्या त्या या पाण्यात. त्याच सिंहस्थासाठी खानचं पाणी रामघाटापर्यंत पोचू नये म्हणून पिपलिया राघवजवळ अडवून पाइपातून घाटांच्या पलीकडे, कालियादेहजवळ, नेऊन सोडलं. एका नर्मदेला वाजतगाजत आणलं आणि दुसरीला मागच्या दाराने काढलं. दोन्ही एकाच नदीतून उचललेल्या. फरक एवढाच की दुसरी आपल्या घरांतून गेलेली.

"मग बाई, तुम्ही नदीचं नाही म्हणालात ते चुकीचंच की," नाना म्हणाले. "नदीत जे आहे तेच आडात आहे. फक्त आमच्याकडे ते न्हाणीत जाण्याआधी आलं."

वकिली मुद्दा होता, पण तोडता येत नव्हता.

एक गोष्ट मात्र मला त्या आनंदात सांगावीच लागली, आणि ती सांगताना कुणालाच बरं वाटलं नाही. गळती बुजवावी लागेल. पाणी वाया जातं हे कारण आहेच, पण मोठं कारण दुसरं. एक दिवसाआड पाणी म्हणजे नळ बहुतेक वेळ रिकामा. दाब असतो तेव्हा भोकातून पाणी बाहेर पडतं. दाब गेला की तेच भोक बाहेरचं ओढून आत घेतं. गल्लीखाली नळाच्या शेजारून मलवाहिनी जाते. आज आडात स्वच्छ पाणी येतंय, उद्या ती मलवाहिनी तडकली तर पन्नास घरांच्या हंड्यांत काय येईल ते सांगायची गरज नाही. तांब्यावाली बाई अजून तिथेच होती. तिने तांब्या पदराखाली घेतला.

"म्हणजे आड पुन्हा कोरडा," नाना म्हणाले.

"बहुतेक."

ते उठून आडापाशी गेले. मी मागे गेले नाही. काकूंनी मात्र बसल्या जागेवरून सांगून टाकलं, "आजच अर्ज करा. आणि नारळ फोडून घ्या सगळ्यांनी, पाणी आहे तोवर."

अर्ज मी लिहून दिला, सोबत पातळीचा तक्ता आणि सळईने काढलेल्या जागेचा नकाशा. नकाशा दिला की खोदणाऱ्यांना नाही म्हणायला कमी जागा राहते, हा माझा अनुभव. पथक आलं, उकरलं. लोखंडी नळाची जोडणी गंजून चाळणी झालेली, आणि तिच्या खाली, भरावात, घाटाची पायरी: कडा गोल झालेला काळा दगड. खोदणाऱ्याने पहारीने तो काढायला घेतला तेव्हा नानांनी त्याला अडवलं. जोडणी बदलली, पायरी होती तिथेच ठेवून वर माती लोटली.

मी पंधरवड्याने पुन्हा गेले. आडाची पातळी बरीच खाली गेली होती, पण तळ दिसत नव्हता. गुडघाभर पाणी शिल्लक. नमुना घेतला. मीटरचा आकडा बोअरच्या जवळ गेला होता, थेंब भरपूर लागले, नायट्रेट वाढलेलं. हे कातळातून येणारं पाणी, शहराच्या जमिनीत मुरलेलं सगळं घेऊन आलेलं. त्यात पाऊस किती, नदी किती, वरच्या मोहल्ल्यांतल्या गळक्या नळांची नर्मदा किती, हे वेगळं काढायला माझ्या पेटीतलं सामान पुरत नाही. त्यासाठी पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी लागते आणि एका अंगणातल्या आडासाठी तो खर्च कुणी करत नाही. पिण्याला नाही, झाडांना आणि अंगण धुवायला चालेल, असं लिहून दिलं.

काकूंनी डाळ लावून बघितलीच होती. शिजली नाही म्हणाल्या.

मुलाने गळतीचं दुसरं रील केलं. ते कुणी बघितलं नाही. पण पुण्याला जाण्याआधी त्याने आडाच्या आतल्या बाजूला रंगाने फुटांच्या खुणा केल्या आणि नानांना दर रविवारी आकडा लिहायची वही करून दिली. दुसऱ्या रकान्यात पाऊस, तिसऱ्यात पुलाच्या खांबावरून नदीची पातळी. पहिल्या पानावर आकड्याशेजारी नानांनी स्वतःहून चौथा रकाना आखलाय: नळ आला की नाही.